नवजात करडांना प्रतिजैविक पाजण्याबाबत खुलासा

‘करडू जन्मताच प्रतिजैविक पाजा, हगवण लागणार नाही’ असा संदेश सोलापूर परिसरातील शेळीपालकांच्या गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. पशुवैद्यकशास्त्र सांगते की शेळीच्या गर्भाला वारेतून (गर्भाला पोसणाऱ्या, व्याल्यावर बाहेर पडणाऱ्या अवयवातून) प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, जवळजवळ मिळत नाहीत, ती चिकातूनच, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातूनच मिळतात आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता साधारण २४ तासांत संपते. म्हणून दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवशी सुमारे २०० मिली चीक जायला हवा, आणि त्याची सुरुवात पहिल्या तासा-दोन तासांतच व्हावी. (वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची पद्धत याच कारणाने घातक ठरते.) नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. विषाणूंमुळे झालेल्या हगवणीवर प्रतिजैविक चालत नाही, उलट विनाकारण वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ते पशुवैद्यकाने तपासून दिले तरच, सांगितलेल्या मात्रेत पूर्ण द्यावे. कृपया तो चुकीचा संदेश पुढे पाठवू नये.