‘शौकिनांचे चोचले’ म्हणालात म्हणून: क्लच आणि गिअरबद्दल एका काळी-पिवळीवाल्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

क्लचचं पेडल हलकं आणि गिअरचा दांडा सुरळीत कसा करायचा यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. नव्याने येणाऱ्या वाचकांसाठी तिचा गाभा इथे ठेवतो. तुम्ही म्हणता: "बावीस वर्षं झाले, पुसद-उमरखेड काळी-पिवळी चालवतो. पेडल मऊ पाह्यजे, गिअर लोण्यावानी पडला पाह्यजे, हे शहरातल्या शौकिनायचे चोचले हायेत. खेड्यात गाडी चालली म्हंजे झालं. आमचा मिस्त्री साऱ्या गाड्यायत एकच नव्वद नंबर ऑइल टाकते, काही होत नाही. अन् तुम्ही म्हणता पेडलले पाऊण इंच ढील ठेवा, माह्या जीपले ढील द्याचा नटच नाही. हात बसला की सारं बसते."

नटाचं आधी सांगतो, कारण तिथे चूक माझी आहे. पाऊण इंच ढील हा आकडा मी क्लच वायरच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिला. मारुती 800, अल्टो यांसारख्या गाड्यांत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत वायर जाते, तिच्या टोकाला नट असतो आणि ढील तिथे घेता-देता येते. तुमच्या जीपमध्ये वायरच नाही, तेलावरचा क्लच आहे. पेडल मास्टर सिलिंडर दाबतं, तेल पुढे सरकतं, खालचा छोटा सिलिंडर फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दुशाखी दांड्याला, ढकलतो. प्लेट झिजेल तसा तो आपोआप जुळवून घेतो, म्हणून खाली नट दिलेला नसतो. तिथे ढील पाहायची ती पेडलमागच्या पुशरॉडला, म्हणजे मास्टर सिलिंडर दाबणाऱ्या सळीला, आणि तीही अगदी काही मिलिमीटर. ती अजिबात नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र उघडतच नाही, तेल दाबाखाली अडकून राहतं आणि पाय काढला तरी क्लच पूर्ण धरत नाही. हे मूळ लेखात स्वतंत्रपणे यायला हवं होतं. आज ते दुरुस्त केलं आहे.

आता ‘चोचले’ या शब्दाकडे येतो. तो मला लागला, आणि का लागला तेही सांगतो.

माझे बाबा सत्तरीला आले आहेत. तरुणपणी त्यांनी जुने ट्रक चालवले. त्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या रिंगा, नसायचे, गिअर बदलताना क्लच दोनदा मारावा लागायचा. आजही आमच्या बारा वर्षांच्या डिझेल गाडीत ते सवयीने कधीकधी तसंच करतात. मागच्या कापूस वेचणीच्या हंगामात बायांना वावरात सोडणं-आणणं त्यांच्याकडे होतं. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "आता तूच चालव, डावा गुडघा साथ देत नाही." आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आणल्या, तेल चोळलं. गाडी मी चालवू लागलो. मलाही पेडल जड वाटलं, पण जुनी गाडी आहे, असंच असणार, असं धरून चाललो. पुढे तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये दाखवली, तर त्यांनी खाली न वाकताच सांगितलं की प्लेट गेली, पूर्ण सेट बदला, आठ हजार तयार ठेवा.

माझ्या मनाला ते पटेना. प्लेट झिजली की पेडल जड होतं हे खरं आहे. प्लेट पातळ होते तशी तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या डायाफ्राम स्प्रिंगची (ताटलीसारख्या चकतीची) बोटं बाहेर येत जातात आणि ती दाबायला जास्त जोर लागतो. पण ते महिनोन्‌महिने हळूहळू घडतं. शिवाय प्लेट संपत आली की चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र तेवढी पळत नाही. आमच्या गाडीत तसं काहीच नव्हतं. पेडल जड झालं होतं ते दोन-तीन आठवड्यांत. म्हणून मी वायर दोन्ही टोकांनी सोडली आणि नुसती हाताने ओढून पाहिली. चांगली वायर दोन बोटांनी सरकते. ही हलायला दात-ओठ खावे लागले. खालच्या टोकाचं रबर फाटलेलं, पावसाळ्यातली काळी माती आत जाऊन दगडासारखी झालेली, आणि आतल्या चार-पाच तारा तुटून टोकदार झालेल्या. नवी वायर 480 रुपयांना आली. बसवायला पाऊण तास लागला.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून गाडी घेऊन वावरात गेले. दोन महिने आम्ही त्यांच्या गुडघ्याला दोष देत होतो, भाऊ.

म्हणून पेडलच्या मऊपणाला मी चैन म्हणू शकत नाही. ती वायर एखाद्या रात्री तुटली असती. आर्णीपासून आमचं गाव 18 किलोमीटर, मधल्या रस्त्यावर अंधार पडल्यावर चिटपाखरू नसतं, आणि रात्रीच्या वेळी आमच्या गल्लीतल्या कोणालाही दवाखान्यात न्यायचं तर हीच गाडी निघते. शहरात गाडी बंद पडली तर माणूस रिक्षा करतो. आपल्याकडे मिस्त्री येईपर्यंत सकाळ होते. मग जड होत चाललेलं पेडल वेळेवर ओळखण्याची गरज जास्त कोणाला, शहरातल्या शौकिनाला की आपल्याला?

एक सावधगिरी. जड वायरमध्ये वरून ऑइल सोडायची आपल्याकडे पद्धत आहे. जुन्या, नुसत्या लोखंडी आवरणाच्या वायरला ते चालून जायचं. आताच्या पुष्कळ वायरींना आतून नायलॉनचं अस्तर असतं, त्यात ऑइल गेलं की धूळ चिकटते आणि महिनाभरात आधीपेक्षा वाईट अवस्था होते. अस्तराची वायर अडकली तर सरळ बदलावी. ग्रीस लावायचं ते पेडलच्या पिनेला आणि बुशला. तिथे वर्षानुवर्षं कोणी हात घालत नाही, आणि तिथली कुरकुर लोक क्लचची समजतात.

गिअरच्या दांड्याबद्दल तुम्ही एका ओळीत उडवून लावलंत, पण माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. गिअर जड पडतो म्हटलं की गिअरबॉक्स उतरवायची भाषा सुरू होते. त्याआधी एक परीक्षा करा, तिला काहीच खर्च नाही. इंजिन बंद ठेवा, क्लच दाबा, सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. बंद इंजिनावर सुरळीत पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर गिअरबॉक्सला हात लावू नका. क्लच पूर्ण सुटत नाही, दोष तिकडे आहे. ढील जास्त झाली, वायर ताणून लांबली, किंवा तेलाच्या क्लचमध्ये हवा शिरली, यांपैकी काहीतरी असतं. खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. पाच मोजूनही खरखरला तर प्लेट अजून फिरते आहे.

बंद इंजिनावरही सगळेच गिअर अडत असतील तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतचा रॉड किंवा वायरी आणि त्यांचे बुश पाहा. ही बोटाच्या पेराएवढी नायलॉनची बुशं उन्हाने आणि धुळीने झिजतात. न्यूट्रलमध्येही दांडा डावी-उजवीकडे लोंबकळायला लागला, तिसऱ्याऐवजी पहिला सापडायला लागला, की समजावं बुश गेले. आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की दांडा स्वतःच पुढे-मागे हलत असेल तर इंजिनाचे नाहीतर गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर बसले आहेत. आपल्या पांदणरस्त्यांवर ते लवकर बसतात.

फक्त एकच गिअर अडतो, उदाहरणार्थ सकाळी थंडीत दुसरा, आणि गाडी तापली की नीट पडतो, तर मात्र ऑइल आणि सिंक्रो रिंगचा विचार करायचा. इथे तुमच्या मिस्त्रींचं नव्वद नंबर येतं. त्यांचा अनुभव मोठा आहे हे मान्य, तरी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. डब्यावरचे 80डब्ल्यू-90 हे आकडे फक्त घट्टपणा सांगतात. जीएल-4 की जीएल-5 ही वेगळीच गोष्ट, ती ऑइलमध्ये दातांच्या रक्षणासाठी घातलेल्या गंधक-फॉस्फरसच्या रसायनांची पातळी सांगते. जीएल-5 मध्ये ती साधारण दुप्पट असतात. तुमच्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलला हायपॉइड दात आहेत, ते एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जीएल-5च लागतं. पण गिअरबॉक्समधली पितळी सिंक्रो रिंग काम करते ती घर्षणावर. गिअर पडण्याआधी ती समोरच्या शंकूला घट्ट धरते, दोघांचा वेग एक करते, आणि मगच गिअर जोडणारी स्लीव्ह (सरकती कडी) पुढे जाऊ देते. ऑइल फार निसरडं असलं की रिंग धरायला वेळ घेते, आणि त्यातली काही रसायनं तापलेल्या पितळाला खातातही. हे एका दिवसात घडत नाही. दोन-तीन वर्षांत दुसऱ्या गिअरला ‘खट्’ आवाज यायला लागतो आणि तोवर हाताला त्याची सवय झालेली असते, म्हणून "काही होत नाही" असं वाटतं. काही कंपन्या गिअरबॉक्सलाही जीएल-5 सांगतात, तिथे तेच टाकायचं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मिस्त्रींना ते पान दाखवा, एवढंच माझं म्हणणं.

घट्टपणाही पुस्तकाप्रमाणेच ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो म्हणून जाड ऑइल टाकायचा मोह होतो. तेच ऑइल डिसेंबरातल्या पहाटे काकवीसारखं होतं आणि पहिले दोन किलोमीटर गिअर पडत नाही.

तेलाचा क्लच असणाऱ्यांना उन्हाळ्याचा वेगळा त्रास. या क्लचमध्ये ब्रेक ऑइलच असतं, आणि ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट-4 दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरते. ते सिलिंडरला आतून गंजवतं ते वेगळंच. बाटलीतलं तेल चहासारखं काळं झालं असेल तर बदला आणि हवा नीट काढून घ्या. साधं इंजिन ऑइल त्यात चुकूनही ओतू नका. त्याने रबराचे सील फुगतात आणि दोन्ही सिलिंडर जातात.

तुम्ही शेवटी म्हणता हात बसला की सगळं बसतं. यात तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे आणि ते माझ्या लेखात कमी पडलं. डावा पाय पेडलवर टेकवून गाडी चालवली तर रिलीज बेअरिंग, म्हणजे त्या स्प्रिंगची बोटं दाबणारं बेअरिंग, सतत फिरत राहतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाड्यांची रांग अडली की लोक हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात, आणि वर पोचेपर्यंत प्लेटचा करपट वास येतो. दांड्यावर हात ठेवून बसायची सवयही वाईट, कारण त्या वजनाने आतला फोर्क फिरत्या स्लीव्हवर घासत राहतो. हे तुम्ही बावीस वर्षं टाळलं असेल, म्हणूनच तुमची जीप अजून धावते. पण हात बसलेला माणूस बिघडलेल्या गाडीशीही जुळवून घेतो, आणि बिघाड त्याच्या हातातच लपतो. बाबांचं तेच झालं. त्यांच्याइतका हात बसलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

एका वाचकाने तुमच्या प्रतिक्रियेखाली विचारलं की मग आखूड दांड्याचा किट का लावू नये. माझं उत्तर नाही असं आहे. दांडा ही तरफ आहे. हाताचं अंतर कमी केलं की जोर तेवढाच वाढतो आणि सिंक्रोला वेग जुळवायला मिळणारा वेळही कमी होतो. झिजलेल्या बुशांवर तो किट बसवणं तर पैसे पाण्यात घालणं आहे.

आता तुमच्या जीपचं. नट नाही, पण ढिलीचा प्रश्न तुम्ही काढलात, म्हणजे पेडलमध्ये काहीतरी जाणवत असणार. उद्या सवाऱ्या भरायच्या आधी रिव्हर्सची पाच सेकंदांची परीक्षा करा. खरखरला तर आधी पेडल तीन-चारदा भराभर मारून पुन्हा टाकून पाहा. त्याने फरक पडला तर आत हवा आहे. नाही पडला तर पुशरॉड आणि खालच्या सिलिंडरची गळती तपासा, प्लेटचा विषय त्यानंतर. जे निघेल ते इथेच लिहा.