‘वर्गसूत्र आलं की अवयव आले’ : हा संदेश कुठे कुठे चुकतो

दहावीच्या परीक्षेचे दिवस आले की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : अवयव पाडण्याच्या ढीगभर पद्धती शिकणं म्हणजे वेळ वाया घालवणं. वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ असलं की सगळे अवयव निघतात. मधल्या पदाची फोड जमली नाही तर समजा अवयव नाहीतच. वर्गांच्या बेरजेचे तर कधीच पडत नाहीत. आणि एवढं करूनही अडलंच, तर ॲप आहेच.

सूत्राबद्दलचं त्यातलं थोडं खरं आहे, ते आधी मान्य करू. १२क्ष² − ११क्ष − ३६ घ्या. गुणाकार −४३२ आणि बेरीज −११ येईल अशी जोडी चाचपडत बसण्यापेक्षा विवेचक (वर्गसूत्रात वर्गमुळाच्या चिन्हाखाली येणारी राशी) काढलेला बरा : १२१ + १७२८ = १८४९, म्हणजे ४३ चा वर्ग. मुळं ९/४ आणि −४/३. पण इथेच अनेक जण (क्ष − ९/४)(क्ष + ४/३) लिहून मोकळे होतात आणि बाहेरचा १२ हरवतो. खरं उत्तर (४क्ष − ९)(३क्ष + ४). समीकरण सोडवताना तो १२ गेला तरी बिघडत नाही, अवयव पाडताना बिघडतं. मुळं शोधणं आणि अवयव पाडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि संदेशातला मूळ घोळ हाच आहे.

शिवाय हे सूत्र एका चलाच्या, दुसऱ्या घाताच्या बहुपदीपुरतं. त्यापुढे काय? अ²(ब − क) + ब²(क − अ) + क²(अ − ब) इथे कुठलं सूत्र लावणार? इथे अवयव सिद्धांत कामाला येतो. ब च्या जागी अ ठेवा, राशी शून्य होते, म्हणून (अ − ब) हा अवयव. तसेच (ब − क) आणि (क − अ). राशी तिसऱ्या घाताची, अवयव तीन, म्हणजे आता उरला तर फक्त एक स्थिरांक. अ = ०, ब = १, क = २ ठेवा : राशी −२, तिन्ही अवयवांचा गुणाकार २. स्थिरांक −१. कंस सोडवून पदं जुळवत बसण्याची गरजच नाही. मला विचाराल तर शालेय बीजगणितातली ही सगळ्यात देखणी युक्ती.

घात वाढवला तरी तेच. पाचव्या घाताच्या समीकरणाला केवळ चार क्रिया आणि मूळचिन्हं वापरून सर्वसाधारण सूत्र देता येत नाही, हे नॉर्वेचा गणितज्ञ आबेल याने १८२४ मध्येच दाखवलं. तरीही क्ष⁵ + क्ष⁴ + १ चे अवयव पडतात. क्ष³ मिळवा आणि वजा करा, गट पाडा : क्ष³(क्ष² + क्ष + १) − (क्ष³ − १). दुसऱ्या गटातही (क्ष² + क्ष + १) दडलेला आहेच. उत्तर (क्ष² + क्ष + १)(क्ष³ − क्ष + १).

‘फोड जमली नाही म्हणजे अवयव नाहीत’ हे विधानच अर्धवट आहे. क्ष² + ४क्ष + १ साठी पूर्णांकांची जोडी मिळत नाही. पण पूर्ण वर्ग करा : (क्ष + २)² − ३, म्हणजे (क्ष + २ + √३)(क्ष + २ − √३). कोणत्या संख्या चालतील हे ठरवल्याशिवाय ‘पडत नाहीत’ म्हणण्याला अर्थ नाही. आणि सहगुणक पूर्णांकच हवे असतील तर विवेचक पूर्ण वर्ग आहे का, एवढं पाहिलं की निकाल लागतो.

वर्गांच्या बेरजेचा दावा सर्वांत जोरात केला जातो आणि सर्वांत लवकर कोसळतो. क्ष⁴ + ४ ही (क्ष²)² आणि २² यांची बेरीजच. ४क्ष² मिळवून वजा करा : (क्ष² + २)² − (२क्ष)². आता ही वर्गांची वजाबाकी झाली, म्हणून (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २). फ्रेंच गणितज्ञ सोफी जर्मेनच्या नावाने ओळखली जाणारी ही फोड. गंमत पाहा, या बहुपदीला एकही वास्तव मूळ नाही, तरी अवयव पूर्णांक सहगुणकांचे! त्यातून फुकटात आणखी एक गोष्ट मिळते : १ पेक्षा मोठी कोणतीही नैसर्गिक संख्या क्ष च्या जागी ठेवा, उत्तर मूळ (अविभाज्य) संख्या येणारच नाही. १० ठेवलं तर १०००४ = १२२ × ८२. क्ष⁶ + य⁶ हीसुद्धा वर्गांची बेरीज, आणि तिचेही (क्ष² + य²)(क्ष⁴ − क्ष²य² + य⁴) असे अवयव आहेत. हो, क्ष² + य² चे मात्र वास्तव सहगुणकांत पडत नाहीत. एवढ्या एका उदाहरणावरून ‘कधीच नाही’ असा नियम कुणीतरी बनवून टाकला.

राहिलं ॲप. ते वर्गसूत्र लावत बसत नाही. संगणकाने अवयव पाडण्यामागे बर्लेकँपची १९६७ ची रीत आणि लेन्स्ट्रा, लेन्स्ट्रा व लोव्हास यांचं १९८२ चं काम अशा वेगळ्याच कल्पना आहेत. वापरा जरूर, पण अशी साधनं काही वेगळं सांगितलं नाही तर सहसा परिमेय सहगुणकांतच शोधतात. क्ष⁴ + १ दिलं की तेच परत येतं. कागदावर मात्र (क्ष² + १)² − २क्ष² लिहिलं की पुढच्या ओळीत (क्ष² + √२·क्ष + १)(क्ष² − √२·क्ष + १).