‘डोनर एग घ्या, ८० टक्के खात्री’: या हिशेबात काय गाळलंय?

मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो. मतितार्थ असा: ‘दोन आयव्हीएफ फसल्या की वेळ घालवू नका, डोनर एग घ्या. एकदाच खर्च, ८० टक्के यश, वयाचा प्रश्न नाही. तरीही नाही जमलं तर दोष गर्भाशयात.’ (आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर स्त्रीबीज फलित करून तयार झालेलं भ्रूण गर्भाशयात सोडणं; डोनर एग म्हणजे त्यासाठी दुसऱ्या बाईचं बीज घेणं.)

आधी खरं तेवढं मान्य करते. तरुण डोनरचं बीज वापरल्यावर शक्यता वाढते, आणि चाळिशीनंतर तर खूपच वाढते. म्हणूनच बाकीचा मेसेजही पटून जातो.

‘८० टक्के यश’

कशाचे ८० टक्के? ट्रान्सफरनंतर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर, बीटा एचसीजी ही गरोदरपणाची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, हे एक यश. सोनोग्राफीत ठोके दिसले, हे दुसरं. बाळ जन्मलं, हे तिसरं. प्रत्येक पायरीवर आकडा घसरतो, आणि जाहिरातीत बहुधा पहिली पायरी छापलेली असते. आम्हाला मिळालेल्या कोटेशनवर ‘सक्सेस रेट ७५%’ असं ठळक छापलं होतं. कशाचा, असं विचारल्यावर समोरच्या बाईंनी पेनाने शेजारी लिहून दिलं: बीटा पॉझिटिव्ह.

दुसरी मेख छेदात असते. सायकल, म्हणजे उपचाराची एक फेरी, सुरू केलेल्या सगळ्याजणी मोजल्या, की फक्त ट्रान्सफरपर्यंत पोचलेल्या? अमेरिकेतल्या २०१३च्या नोंदी पाहा. ताज्या डोनर बीजांवर सुरू झालेल्या सायकलींपैकी साधारण ५० टक्क्यांत बाळ जन्मलं. गोठवलेल्या बीजांसाठी तोच आकडा ४३च्या आसपास होता. म्हणजे चांगल्या परिस्थितीतसुद्धा हे नाणं उडवण्यासारखंच आहे.

मग ८० येतात कुठून? दर ट्रान्सफरला ४५ टक्के धरले, तर तीन ट्रान्सफरअखेर एकत्रित शक्यता ८३ टक्क्यांपर्यंत जाते. गणित बरोबर आहे. फक्त तिन्ही वेळी पुरतील एवढी भ्रूणं आणि तिन्ही वेळचे पैसे हातात आहेत, हे त्यात गृहीत धरलंय.

‘एकदाच खर्च’

इथे मेसेज सरळ चुकतो. डोनरच्या तपासण्या, तिची इंजेक्शनं, बीजं काढणं, इक्सी (बीजात थेट शुक्राणू सोडणं), भ्रूण गोठवणं, त्यांचं वार्षिक भाडं, गर्भाशयाचं अस्तर तयार करायची औषधं आणि दर ट्रान्सफरची फी. शेवटच्या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात, आणि पॅकेजमध्ये त्या एकदाच मोजलेल्या असतात किंवा नसतातच.

गोठवलेली बीजं स्वस्त वाटतात, कारण ती मोजून मिळतात. समजा आठ घेतली. वितळवताना एखादं जातं, उरलेल्या सातातली पाच फलित होतात, आणि त्यातली दोन-तीनच ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पाचव्या दिवसाच्या वाढलेल्या भ्रूणापर्यंत, पोचतात. आठ बीजं म्हणजे आठ संधी नव्हेत. दोन किंवा तीन, आणि नशीब वाईट असेल तर एकच. ताज्या सायकलमध्ये डोनरची सगळी बीजं तुम्हाला मिळणार असतील, तर सुरुवातीचा खर्च जास्त पडला तरी पुढच्या ट्रान्सफरसाठी शिल्लक राहण्याची शक्यता जास्त.

‘दोन फसल्या की डोनर’

दोन हा आकडा कुणी ठरवला? सायकलची किंमत बाजूला ठेवून बाळामागे किती खर्च येतो ते काढा: किंमत भागिले शक्यता. स्वतःच्या बीजांच्या सायकलची किंमत १ धरू, डोनरची अडीच, आणि डोनरची शक्यता ४५ टक्के. डोनरचं उत्तर साडेपाच. चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या बीजांवर बाळ होण्याची शक्यता दर सायकलला ५ टक्क्यांहून कमी असते. ५ धरले तरी उत्तर २०. म्हणजे ‘दुप्पट पैसे कशाला घालवता, अजून एकदा आपल्याच बीजांवर करा’ हा घरच्यांचा सल्ला त्या वयात सर्वांत महाग पडतो. पण बाई चौतीस वर्षांची असेल आणि शक्यता ३५ टक्के असेल, तर उत्तर तीनच्याही आत येतं, आणि डोनर जवळपास दुप्पट महाग ठरतो.

शिवाय आधी का फसलं, तेही बघायला हवं. पाण्याने भरलेली गर्भनलिका आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर आणते. ती तशीच ठेवून डोनर एग घेतलं, तर नवं बीज जुन्याच अडचणीत जाऊन पडतं.

‘वयाचा प्रश्न नाही’

रुजण्यापुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. बीजाचं वय मोजलं जातं, गर्भाशयाचं फारसं नाही; पंचेचाळिशीपर्यंत यश फारसं घटत नाही. नऊ महिने मात्र तुमच्याच शरीराला काढायचे असतात. वयाने रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो. त्यात डोनर बीजाच्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या आजाराचं) प्रमाण स्वतःच्या बीजांवरच्या आयव्हीएफपेक्षाही जास्त आढळतं. म्हणून ‘एकाच्या पैशात दोन’ अशा आशेने दोन भ्रूणं सोडायला सांगणं मला धोक्याचं वाटतं. जुळी मुदतीआधी आली तर नवजात अतिदक्षता विभागाचं बिल येतं, आणि ते कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं.

‘नाही जमलं तर दोष गर्भाशयात’

या वाक्याचा मला राग येतो. दर वेळी ४५ टक्के शक्यता असेल, तर सगळं ठीक असूनही १०० पैकी ३० जणींना लागोपाठ दोनदा अपयश येईल, निव्वळ योगायोगाने. तरुण डोनरच्या भ्रूणांतही साधारण चौथ्या हिश्श्यात गुणसूत्रांचा घोळ असतो. गर्भाशय दुर्बिणीतून जरूर तपासून घ्या, पण तपासायच्या आधीच आरोपी ठरवू नका.

आणि अख्ख्या मेसेजमध्ये पुरुषाचा उल्लेखही नाही. भ्रूणाची निम्मी गुणसूत्रं त्याच्याकडून येतात, ती डोनर एगने बदलत नाहीत. या सगळ्या यादीतली सर्वांत स्वस्त चाचणी वीर्यतपासणीची आहे, आणि कित्येक जोडप्यांच्या फाइलमध्ये तिचा शेवटचा रिपोर्ट दोन-तीन वर्षांपूर्वीचा असतो.