मेरी ड्रेसलर म्हणजे नुसतं ऑस्कर नव्हे

हॉलिवूडची अभिनेत्री मेरी ड्रेसलरवरचा तुमचा लेख छान जमलाय, पण तिची रंगभूमी दोन ओळींत उरकून थेट 'मिन अँड बिल' या सिनेमाच्या ऑस्करवर उडी मारलीत, हे काही पटलं नाही. तो पुरस्कार मिळाला १९३१ साली, तेव्हा बाईंनी साठी ओलांडली होती. नाव झालं होतं ते त्याच्या कितीतरी आधी, ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर.

धिप्पाड बांधा, रुंद चेहरा. नाजूक नायिका कोण देणार? मग त्यांनी तेच भांडवल केलं. १९१०च्या 'टिलीज नाइटमेअर' या संगीत नाटकात त्या बोर्डिंग हाउसमध्ये दिवसभर राबणारी टिली झाल्या. कामाने पिचलेली टिली झोपेत भलतीसलती स्वप्नं बघते आणि प्रेक्षक हसून लोळतात. चार वर्षांनी पडद्यावरही टिलीच आली, सोबतीला चॅप्लिन. (त्यातला चॅप्लिन सगळ्यांना आठवतो, टिली नाही. असो.)

आणि १९१९चा नटांचा संप कसा विसरलात? कोरसमधल्या, म्हणजे समूहात नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलींना तालमीचे पैसे मिळत नसत, वर बूट-मोजेही बऱ्याचदा पदरचे. या मुलींची वेगळी संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या अध्यक्ष ड्रेसलर. स्वतः बड्या स्टार असून मालकांशी वैर घेणं सोपं नव्हतं. पुढच्या दशकात त्यांची कामं आटली, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

जमलं तर सिनेमातल्या फोटोशेजारी टिलीच्या वेषातलाही एखादा टाका.