‘स्वस्तातलं भंगार सॉफ्टवेअर’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

सर, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री आमचं केबल-इंटरनेटचं ऑफिस बंद करताना वाचला. मुलीच्या क्लासच्या वेळेला नेट नव्हतं आणि तिचा क्लास बुडाला, त्याबद्दल माफी मागतो. त्यावर आमची काही बाजू नाही.

बाकीचं मात्र लिहिणं भाग आहे, कारण नवीन गिऱ्हाईक कनेक्शन घेण्याआधी हेच पान उघडून बघतं. तुम्ही लिहिलंत : ‘७०८ रुपये भरूनसुद्धा दोन दिवस नेट बंद. विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. स्वस्तातलं भंगार सॉफ्टवेअर घेतलंय, भुर्दंड आम्हाला.’

७०८ म्हणजे ६०० चा प्लॅन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, १०८. बिलावर तो वेगळा छापलेला आहे आणि सरकारलाच जातो. दोन दिवसांचं म्हणाल तर तुमचा प्लॅन मंगळवारी रात्री ११:५९ ला संपला आणि बुधवारी संध्याकाळी ५:५० ला नेट चालू झालं. अठरा तास. त्यातले सहा-सात तास अख्खी वाडी झोपलेली होती. (बायको म्हणते, गिऱ्हाइकाशी तासांवरून वाद घालू नका. पण राहवत नाही.)

जिव्हारी लागलं ते ‘स्वस्तातलं’.

मी १९९९ पासून केबलच्या धंद्यात आहे. तेव्हा आमचं सॉफ्टवेअर म्हणजे लाल कापडाची वही आणि घरोघरी दिलेलं कार्ड. पैसे मिळाले की कार्डावर सही. इंटरनेट सुरू केलं तेव्हा पहिली शंभरेक कनेक्शनंही वहीवरच चालवली. मग भाच्याने जुन्या कॉम्प्युटरवर फ्रीरेडियस नावाचं, गिऱ्हाइकांचं लॉगिन तपासणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं. फुकटचं, पण खोटं कशाला बोलू, भरवशाचं होतं. फक्त ते एवढंच बघतं की हा युजर, हा पासवर्ड, याला आत सोडायचं का आणि किती स्पीडने. बिल, जीएसटीची पावती, पेमेंटची लिंक, कोणाची तक्रार पडून आहे, ऑफिसात ओएनयू (गिऱ्हाइकाच्या घरी बसवतो तो फायबरचा डबा) किती उरले, हे सगळं एक्सेलमध्ये आणि निम्मं माझ्या डोक्यात. भाचा पुण्याला नोकरीला गेला आणि ऐन जुलैत त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क उडाली. शेवटी मायक्रोटिकवर, म्हणजे ज्यातून सगळ्यांचं नेट जातं त्या आमच्या मोठ्या राउटरवर, सगळ्यांना उघडं सोडलं. तीन दिवस अख्ख्या पंचक्रोशीला नेट फुकट होतं. त्याचा रिव्ह्यू कोणी लिहिला नाही.

त्यानंतर पाच महिने सॉफ्टवेअर शोधत होतो. एक परदेशी पाहिलं, दिसायला देखणं, पण हिशोब डॉलरमध्ये आणि जीएसटीच्या बिलाचा साचा बसवायचे वेगळे पैसे. एक अगदी स्वस्त होतं, कनेक्शनमागे महिना साडेतीन रुपये. त्यांना विचारलं, लॉग, म्हणजे कोण कधी नेटवर होतं याच्या नोंदी, किती दिवस राहतात? म्हणाले, तीन महिने. डिसेंबर २०२१ पासून आम्हाला ते दोन वर्षं जपून ठेवावे लागतात, उद्या पोलिसांचं पत्र आलं की अमुक वेळेला अमुक आयपी (नेटवरचा पत्ता) कोणाकडे होता, तर मी काय दाखवू? तिसऱ्याला विचारलं, उद्या मी तुम्हाला सोडलं तर माझ्या गिऱ्हाइकांची यादी मला एक्सेलमध्ये देणार का? त्यावर ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ म्हणाला. अजून कळवतोय.

आणि प्रत्येकाला एक प्रश्न मी हमखास विचारायचो : गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, त्यांना पंधरा दिवसांचं नेट पाहिजे आणि नंतर घराला कुलूप. तेवढे दिवस चालू करून बाकी वर्षभर प्लॅन होल्डवर ठेवता येईल का? यावर निम्मे सेल्सवाले गप्प. त्यांना हा आपल्या गावचा प्रकारच माहीत नाही.

शेवटी घेतलं ते कनेक्शनमागे ९ रुपयांचं. ६४० कनेक्शनं, म्हणजे महिन्याला ५,७६० रुपये, वर जीएसटी. घेण्याआधी माझ्या घरी आणि ओळखीच्या वीस घरांत सहा आठवडे चालवून पाहिलं, जुनी एक्सेल शेजारी ठेवून, रोज रात्री टॅली करून. आता सांगा, स्वस्तातलं कुठून झालं?

तर तुमचं पेमेंट ‘दिसत नाही’ असं आमची ऑफिसातली मुलगी म्हणाली, ते खरंच दिसत नव्हतं. प्लॅन संपायच्या पाच दिवस आधी, दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी, असे तीन मेसेज लिंकसकट तुम्हाला गेले. लिंकवरून भरले की पैसे घेणारा पेमेंट गेटवे आमच्या सॉफ्टवेअरला कळवतो आणि मिनिटभरात तारीख पुढे सरकते, मध्ये माणूस लागत नाही. तुम्ही ७०८ रुपये रात्री ११:४१ ला आमच्या टेक्निशियनच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआय केले. तो दिवसभर पावसात खांबावर होता, झोपला होता. सकाळी नऊ वाजता त्याने मोबाईल पाहिला, ९:४० ला ऑफिसने एंट्री केली. पूर्वी त्या नंबरवर आम्हीच पैसे घ्यायचो हे कबूल. पण एप्रिलपासून घेत नाही, तसा बोर्ड काउंटरवर आहे.

९:४० नंतर नेट चालू व्हायला पाहिजे होतं ते झालं नाही, तेवढा भाग आमचा. प्लॅन संपलेल्या गिऱ्हाइकाला मायक्रोटिक वेगळ्या गटात (पूलमध्ये) टाकतो, म्हणून तुम्हाला सारखं ‘रिचार्ज करा’चं पान येत होतं. एंट्री झाली की सॉफ्टवेअर मायक्रोटिकला सांगतं, याला एकदा तोड आणि परत जोड. ते ऐकण्यासाठी मायक्रोटिकच्या ‘रेडियस इनकमिंग’ या सेटिंगमध्ये एक टिक लागते. आमच्याकडे दोन मायक्रोटिक आहेत. तुमच्या वाडीची लाइन दुसऱ्यावर आहे आणि त्यावर ती टिक मारायची राहिली होती. माझ्याकडूनच. माझी वीस घरं सगळी पहिल्यावर होती, म्हणून ध्यानात आलं नाही. आता मारली आहे.

तरी एक सांगतो. आम्ही १०:१५ आणि ११:३० ला दोनदा फोन केला, घरचा राउटर एकदा बंद करून चालू करा, म्हणजे तीच तोडजोड होईल, एवढंच सांगायला. उचलला नाहीत. तुमच्या ओएनयूवर लाल दिवा नव्हता, म्हणजे फायबरही तुटलेली नव्हती. संध्याकाळी आमच्या ऑफिसचा मुलगा तुमच्या घरी आला, त्याने राउटरचा स्विच बंद करून चालू केला, चहा घेतला आणि निघाला. तुमच्या घरचा चहा चांगला होता असं म्हणाला, ते जाता जाता.

पुढच्या महिन्यापासून प्लॅन मध्यरात्रीऐवजी सकाळी अकराला संपेल असं करायचं चाललंय, म्हणजे ऑफिसात माणूस असताना. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगितलंय, ते बघतो म्हणालेत. रात्री फोन उचलायची पण काहीतरी सोय करतो. तुमचा एक दिवस पुढच्या रिचार्जला वाढवून दिलाय, अठरा तास झाले तरी पूर्ण दिवस धरला.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, तो तुमचा हक्क. ‘भंगार’ राहू द्या हवं तर. फक्त ‘दोन दिवस’चं ‘अठरा तास’ तेवढं करता आलं तर बघा.