आठ तास आणि बिनशेवेचे पोहे

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर रविवारी पोहे-जिलेबी आली आणि बंड्यानं पेपर आपटला. "कोटींनी मोजून घ्यायचे आणि वर म्हणे आठच तास काम!"

रोख दीपिका पदुकोणवर. 'कल्की' सिनेमाच्या पुढच्या भागात ती नाही, हे निर्मात्यांनी सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केलं तेव्हापासून बंड्याचं हेच चालू आहे.

"आणि अक्षय कुमार?" अण्णा म्हणाले. "तोही आठ तासच करतो, रविवारी सुट्टी. त्याला तू शिस्त म्हणतोस."

बंड्या थेट शशी कपूरवर गेला. दिवसाला तीन-तीन शिफ्टा करायचा, राज कपूर त्याला टॅक्सी म्हणायचे. त्यावर आमचे सीए जागे झाले. "अरे, 1973-74 ला दोन लाखांवरच्या मिळकतीवर 97.75 टक्के कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात. म्हणून तर निम्मा व्यवहार पाकिटातून व्हायचा." सीएंना कराचा आकडा सांगताना जिलेबीपेक्षा गोड लागतं.

माझं म्हणणं वेगळं होतं. स्टारला तासांचे पैसे मिळतच नाहीत, पहिल्या शुक्रवारी थिएटर भरून देण्याचे मिळतात. आणि नाही भरलं तरी ते परत जात नाहीत. 2022 मध्ये अक्षयचे चार सिनेमे थिएटरात लागले, एकही धड चालला नाही. त्यापेक्षा आमिर खानचं बरं, मानधनाऐवजी नफ्यात वाटा. पडला तर त्याचेही बुडाले.

मंडपवाला पप्पू एवढा वेळ गप्प होता. "भिया, महेश्वरला घाटावर मी एका शूटिंगला गर्दीत उभा होतो. पहाटे चारला बोलावलं, फेटा बांधला, मिशी चिकटवली. हिरो आला साडेदहाला. तोवर उन्हानं गोंद सुटून मिशी तीनदा पडली. लाइटवाले तर रात्रीपासून तिथंच. हिरोचे आठ तास संध्याकाळी साडेसहाला संपले. आता आमचे मोजा."

कुणी मोजले नाहीत, पण बंड्यानं पेपराची घडी घातली.

"पैसे दिले का पण?"

"दिले ना. तीन महिन्यांनी."

"मग रडतोस कशाला?"

"नाश्त्याच्या पोह्यांवर शेव नव्हती."

बंड्याचा घास हातातच राहिला. "आणि जीरावन मसाला?"

"तेही नाही."