पाहुणे चुना लावायला येतात तेव्हा

परदेशातल्या चर्चची टीम दहा दिवसांच्या सेवेसाठी मेळघाटच्या पायथ्याच्या गावात उतरली, की सेवा नेमकी कोण कोणाची करतंय हे पाळकसाहेबांना विचारू नये. दहातले दोन दिवस झोपेचं घड्याळ जुळण्यात जातात, एक पोट जुळण्यात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाल्यात बुडेपर्यंत इकडचेच होऊन राहिले. अठरा वर्षं मिळाली तर चुना कोणालाही जमेल.

चुना म्हणजे खरोखरचा चुना. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, मिशनरी व्हिसा वेगळा असतो. म्हणून टीमच्या हाती कुंचला देऊन तिला बालवाडीच्या भिंतीसमोर उभं करतात. पाहुणे मुक्कामी आल्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची असते. ती यजमान भरतो, रेंज जिथं सापडेल तिथं उभा राहून.

कळीचा चुना आदल्या दिवशीच भिजवावा लागतो. एक किलोला पाच लिटर पाणी, आणि भांडं लोखंडी. चुना विरताना असा उकळतो की प्लॅस्टिकची बादली कंबर मोडल्यासारखी बसते, आणि टीमला हौसेनं दिलेली बादली नेमकी प्लॅस्टिकची असते. चोवीस तासांनी जाड कापडातून गाळायचा, गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घालायचा, किलोमागे फार तर तीन ग्रॅम नीळ. जास्त झाली की बालवाडी आकाशी. जुने पोपडे खरवडून, भिंत ओली करून मग पहिला हात.

खरी गंमत पुढे. ओला चुना दिसतच नाही. भिंतीवर पाणी मारल्यासारखं वाटतं. पांढरेपणा वाळल्यावर येतो. पाहुण्याला हे कितीही सांगा, तो पाच मिनिटं भिंतीकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो आणि बादलीत आणखी चुना ओततो. बाजूला उभा असलेला गावचा पेंटर तेवढंच म्हणतो, "भाऊ, हे तं निंगन." हे वाक्य पाहुण्यांना कसं सांगायचं हा माझ्यासारख्या दुभाष्याचा प्रश्न. जाड थर भिंतीला धरत नाही, पापडासारखा सुटतो. पातळ दोन-तीन हात, एक उभा, एक आडवा, आणि मधे पूर्ण वाळू देणं, एवढंच शास्त्र आहे. डोळ्यात शिंतोडा गेला तर चोळायचं नाही, पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवायचं. हे मात्र दोन्ही भाषांत ओरडून सांगावं.

दुभाष्याच्या हालांना वाली नाही. दहा मिनिटांचं मनोगत मराठीत वीस मिनिटं, आणि मागून कोणी कोरकूत सांगणारा असेल तर अर्धा तास. त्यात वक्ता "आय वॉन्ट यू टू नो दॅट" इथं थांबून आपल्याकडे प्रेमानं बघतो. मराठीत क्रियापद शेवटी. त्यानं पुढचं बोलल्याशिवाय आपलं वाक्य सुरूच होत नाही. तोवर गाव दुभाष्याच्या उघड्या तोंडाकडे बघत बसतं. वक्त्याला आधीच बजावावं, पूर्ण वाक्य झाल्याशिवाय थांबू नको. तो कबूल करतो आणि थांबतो.

जेवणाचं थोडक्यात. "तिखट कमी" हा शब्द वऱ्हाडात मोजमाप म्हणून निरुपयोगी आहे. मावशी मिरच्या मोजून अर्ध्या करतात, आणि पाहुण्यांचे कान लाल होतात. तुरीचं वरण मिरचीची फोडणी पडण्याआधीच वेगळं काढावं, सोबत भात, घट्ट दही. "नो, थँक्यू"चा अर्थ पंगतीत "आणखी अर्धी भाकर" होतो. "आवो, एवढंसं काय खाता!" म्हणत मावशी वाढतातच. ताटावर दोन्ही हात आडवे धरणं हा एकच नकार इथं मान्य आहे, तोही तिसऱ्यांदा.

संध्याकाळच्या उपासनेत गिटार विरुद्ध पेटी. गिटारवाला इंग्रजी 'जी' सुरात, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. पेटीवाले काका जन्मापासून काळी चारवर. दोघंही नम्र, दोघंही हलत नाहीत, ढोलकवाला मधल्या मधे. उपाय पाच रुपयांच्या चॉकलेटएवढा सोपा आहे: गिटारला पहिल्या पडद्यावर केपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, चढवायचा, सूर अर्धी पट्टी वर जातो, काळी चार जुळते. काका मान डोलावतात. त्यांनी काहीच बदललेलं नसतं.

आमेन होईतो भिंत वाळते, लख्ख पांढरी दिसते, फोटो निघतात. गाडी वळणाआड गेली की पेंटर खरवडायची लोखंडी पत्री घेऊन येतो.